खोट्या खोलीचा दुभाषा

मी दुभाषा बोलतोय. मला हात नाहीत, पाय नाहीत, दुकानात मांडायला अंगावर रंगीत खोकंही नाही. मी एक प्रोग्राम आहे. विंडोजसाठी लिहिलेलं सॉफ्टवेअर लिनक्सवर, म्हणजे कॉम्प्युटर चालवणाऱ्या दुसऱ्या, फुकट मिळणाऱ्या प्रणालीवर आलं की त्याला इथलं काही कळत नाही. ते आपल्या भाषेत मागणं मांडतं, मी ते लिनक्सला समजावतो आणि उत्तर परत त्याच्या भाषेत पोचवतो. चाललं तर श्रेय त्याचं, अडलं तर शिव्या मला.

माझा जन्म कुठल्या काचेच्या इमारतीत झाला नाही. ठिकठिकाणच्या माणसांनी नोकऱ्या सांभाळून, सुट्ट्या घालवून मला फुकट घडवलं. सॉफ्टवेअर विकून गब्बर झालेल्यांनी 'मूठभर लिनक्सवाल्यांसाठी वेगळं काढणं परवडत नाही' म्हणून हात झटकले. त्यांनी लावून घेतलेली दारं उघडायची ती मी. याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

मी ज्या घरी आलो ते कवळ्या बनवणाऱ्या कारागिराचं. दातांचे डॉक्टर ठसे पाठवायचे, हा त्यावरून दात उभे करायचा. पुढच्या खोलीत प्लास्टरचे जबडे ओळीने आ वासून बसलेले, सगळीकडे मेणाचा वास आणि कोपऱ्यात म्हातारा कॉम्प्युटर. गल्लीत त्याला कवळीशेठ म्हणत. बायको जाऊन काही वर्षं झाली होती, मुलगी सासरी, दुसऱ्या गावात.

कॉम्प्युटर इतका जुना झाला की नवं विंडोज त्याला पेलेना. मुलीने येऊन त्यावर लिनक्स बसवलं. कवळीशेठ मागे उभा राहून हातातली सुरी उगाच पुसत होता.

"माझा एक जुना प्रोग्राम आहे. तो चालला पाहिजे."

"कसला?"

"असाच. कामाचा."

"बरं," ती पडद्यावरून नजर न हलवता म्हणाली. मग तिने मला बसवलं. "ही बघ बाबा, ही तुझी विंडोजची खोटी खोली. हिच्यात तोड, फोड, पूस. खऱ्या घराला धक्का लागत नाही."

हे अर्धंच खरं होतं. माझ्या खोलीला भिंती आहेत तशी दारंही आहेत. 'माझे व्हिडिओ' हा कप्पा माझ्या खोलीत दिसतो, पण त्यात घातलेला हात थेट खऱ्या घराच्या कपाटात जातो. माणसाला आपल्या वस्तू सापडाव्यात म्हणून माझ्या कर्त्यांनी केलेली ती सोय. मुलीलाच ती ठाऊक नव्हती, बापाला कुठून असणार?

तो 'कामाचा' प्रोग्राम प्रौढांसाठीचा होता. पडद्याच्या खालच्या पट्टीवर एक बाई येऊन नाचायची आणि नाचता नाचता कपडे उतरवायची. कवळीशेठ तिच्याकडे डोळे फाडून बघत बसायचा असंही नाही. तो दात घासून गुळगुळीत करत असायचा, ती नाचत असायची. घरात काहीतरी हलतंय, एवढंच त्याला पुरत असावं. मला त्यात काही गैर दिसलं नाही. ज्यांना दिसतं त्यांनी आधी आपापले पडदे दाखवावेत.

सुरुवातीला माझ्याकडून तिच्या मागची आरपार दिसणारी जागा नीट उतरेना. बाईभोवती काळा चौकोन दिसायचा. कवळीशेठने लिनक्सवाल्यांच्या चर्चेच्या पानावर मदत मागितली. खरं लिहायची लाज वाटली म्हणून लिहिलं, 'माझ्या नाचणाऱ्या घड्याळामागे काळा चौकोन येतो.'

'काका, घड्याळाला नाचायची काय गरज पडली?' एकाने विचारलं.

दुसऱ्याने विंडोजच्या सवयी सोडण्यावर लांबलचक प्रवचन दिलं. ज्यांना उत्तर येत नाही तेच हे काम हौसेने करतात. तिसरा भला निघाला. त्याने खिडक्यांची पारदर्शकता कुठे चालू करायची ते सांगितलं आणि चौकोन गेला.

पुढे प्रोग्रामने विचारलं, नवे नाच कुठे ठेवू? कवळीशेठने 'माझे व्हिडिओ' दाखवलं. नाव शोभत होतं. त्या कपाटात त्याच्या बायकोचेही व्हिडिओ होते, हे त्याच्या ध्यानात आलं नाही. त्याच्या लेखी ही खोली वेगळी आणि ते घर वेगळं.

मग मुलीचा फोन आला. "बाबा, रविवारी येते. आईचे सगळे व्हिडिओ डिस्कवर भरून नेते. पिल्लू बोलायला लागलंय, त्याला आजीचा आवाज ऐकवायचाय."

"ये की," तो म्हणाला, आणि फोन ठेवल्यावर त्याचे कान लाल झाले. मुलगी कॉम्प्युटरवर बसणार म्हणजे बाई तिला दिसणार.

प्रोग्राम नुसता बंद ठेवला असता तरी भागलं असतं. पण घाबरलेल्या माणसाला नुसतं झाकून पुरत नाही. त्याने तो मुळासकट काढायला घेतला. प्रोग्रामने जाता जाता विचारलं, नाच ठेवलेला हा कप्पा आतल्या सगळ्यासकट पुसू? खोलीच खोटी, तेव्हा तो हो म्हणाला.

ते 'हो' माझ्याकडे आलं. मी त्याचं चोख भाषांतर केलं, लिनक्सने ते पाळलं. माझ्या वाटेने पुसलेलं कचऱ्याच्या टोपलीत पडून राहत नाही, ते जातंच. नाच गेले, आणि त्यांच्याबरोबर मुलीच्या सायकलमागे धावणारी तिची आई गेली. आलेला हुकूम अडवावा असा शब्द माझ्या कर्त्यांनी मला दिलेला नाही. कवळीशेठने सुटकेचा श्वास सोडला. तो मी ऐकला.

रविवारी मुलीने कपाट उघडलं.

"बाबा, आईचे व्हिडिओ कुठे हलवलेस?"

"तिथेच आहेत."

"इथे काही नाही. तू काही पुसलंस?"

"खोट्या खोलीतलं एक पुसलं. तूच म्हणालीस, घराला धक्का लागत नाही."

"मला तसंच वाटलं होतं रे," ती खुर्चीत मागे टेकली. "काय पुसलंस? ती नाचणारी बाई?"

कवळीशेठने एक जबडा उचलला आणि परत जागेवर ठेवला. "तुला कसं कळलं?"

"लिनक्स बसवताना तुझं सामान मीच हलवलं ना. तिला नव्या घरात मीच आणून बसवलं. हा दुभाषा कुणासाठी घातला होता मग? घरी जाऊन ह्यांना म्हटलं, बाबांना सोबत आहे. हसलो आम्ही. बरं वाटलं."

"मग बोलली का नाहीस?"

"तू कामाचा म्हणालास. म्हटलं, असू दे."

दिवसभर ती पुसलेलं परत आणायच्या खटपटीत होती. काही फुटके तुकडे हाती लागले. एकात सायकलचं चाक होतं. आवाज कशातच नव्हता.

निघताना तिने विचारलं, "सायकलमागून आई काय ओरडत होती?"

"ब्रेक दाब..." तो थांबला. "नाही, ते मी ओरडत होतो. ती हसत होती. काहीतरी म्हणालीही. आठवत नाही गं."

मी अजून तिथेच आहे. मुलीने मला काढलं नाही, बाप मला उघडत नाही. माझ्यातून जायला आता त्याच्याकडे काही उरलेलंही नाही. दोष द्यायचा तर मला द्या, मला सवय आहे. पण चीड येते ती तुमच्या घाईची. घरच्यांनी जे केव्हाच पाहून, हसून सोडून दिलेलं असतं, ते लपवायला तुम्ही घर रिकामं करता.

एवढीच विनवणी आहे. माझ्यासकट सगळं खुशाल पुसा, पण आधी फोन उचला आणि आपल्या माणसाला विचारा, "हे काढतोय. यात तुझं काही आहे का?"