शनिवारचा खाडा

मी एक जुना रग्बीचा बूट आहे, डावा. उजवा हरवला त्यालाही आता वर्षं झाली. इंग्लंडच्या उत्तरेला, कोळशाच्या खाणीशेजारच्या एका गावात अ‍ॅम्ब्रोज चांभाराने मला शिवलं, तळव्याला चामड्याच्या पट्ट्या ठोकल्या आणि जोब हॅलिवेलच्या पायात घातलं. अकरा वर्षं आम्ही धावलो. जोबने चेंडू काखेत मारला की त्याला पाडायला तिघं लागायची. लोक त्याला खांद्यावर घेत. चिखल मात्र मी खाई.

खेळण्याचे पैसे मिळत, पण रग्बी संघटनेचा नियम कडक होता. खेळाडूने आठवडाभर आपलं कामही केलंच पाहिजे; खाडा झाला की सामना बंद. म्हणून जोब शनिवारी पहाटे खाणीत उतरे, दुपारी वर येई आणि तीनला मैदानात उभा राही.

तेहेतिसाव्या वर्षी त्याचा गुडघा कुरकुरू लागला. त्यातच चषकाचा उपांत्य सामना आला. त्याचा मेव्हणा विल्फ म्हणाला, "दाजी, तुम्ही झोपा. तुमचा हजेरीचा बिल्ला घेऊन मी खाणीत उतरतो. खाली अंधारात मुकादम कुणाची तोंडं बघत बसतोय!"

जोबला मोह झाला. तो सकाळभर झोपला आणि दुपारी असा खेळला की बस्स! आम्ही जिंकलो. घरी आलो तर विल्फ खाटेवर. कोळशाच्या गाडीखाली त्याचा पाय चिरडला होता.

गावात कुजबुज झाली. सोमवारी संघटनेची माणसं चौकशीला घरी आली. खाणीच्या वहीत जोबचं नाव होतं, विल्फचं नव्हतंच. क्लबचे चिटणीस आधीच जोबच्या कानाशी लागले होते, विल्फ घरात जिन्यावरून पडला म्हण, सगळं निभावेल. निभावलंही असतं. पण मग खाणीतल्या जखमीला मिळणारी मदत विल्फला मिळाली नसती. मी शेगडीजवळ वाळत होतो. जोबची बायको हेस्टर चहा ओतता ओतता थांबली.

"मी झोपलो होतो, साहेब," जोब म्हणाला. "माझ्या जागी त्याचा पाय गेलाय."

जिंकलेला सामना रद्द झाला. जोबवर दोन वर्षांची बंदी आली. त्या वयात ती कायमचीच. विल्फला मदत मिळाली, तो काठीने चालू लागला. पण गाव जोबवर उलटलं. खांद्यावर घेणारेच त्याला पाहून रस्ता ओलांडू लागले. शनिवारी मैदानावरचा गलका ऐकू आला की तो उठून खिडकी लावून घेई. मला तेव्हा फार राग यायचा, अजून येतो. चरबी न लावल्याने माझं चामडं तडकलं, त्याचं एवढं काही नाही.

मित्रांनो, ज्याच्यासाठी टाळ्या वाजवता, तो घरी बसल्यावर त्याच्या दारावरून जाताना क्षणभर आत डोकावा. तो वाट बघत असतो. मला माहीत आहे, त्याच दारामागे मी खुंटीला टांगलेला होतो.