भगवानच्या परीक्षेचा कोट

मित्रांनो, माणसाचे नशीब ग्रह ठरवत नाहीत आणि विद्याही ठरवत नाही. ते कोट ठरवतो. राज्ये कोटांनी चालतात, न्याय कोटांनी मिळतो, आणि अंगात कोट असला की कचेरीत बसायला खुर्चीसुद्धा मिळते. एवढे अधिकाराने बोलणारा मी एक जुना कोट आहे. सध्या पनवेलजवळच्या एका खाडीकाठच्या गावात भाताच्या कणगीवर झाकण म्हणून काम पाहतो. बढतीची आशा नाही.

माझा जन्म १९५५ सालचा, पनवेलच्या बाजारातल्या हाफिज शिंप्याच्या दुकानातला. मला शिवून घेतले महादेवाने. तो मिठागरात राबणारा माणूस. खाऱ्या पाण्यात उभे राहून त्याच्या टाचांना अशा भेगा पडल्या होत्या की त्यांत हाफिजची सुई हरवली असती. त्याच पायांच्या जोरावर त्याने मुलाला, भगवानला, मुंबईत ठेवून बी. एस्सी. केले. तेही पहिल्या वर्गात. गावाने असला प्राणी पूर्वी पाहिला नव्हता. आता भगवानला रसायनशास्त्रात एम. एस्सी. करायचे होते आणि मुंबईच्या एका मोठ्या संस्थेची प्रवेशपरीक्षा ऐन मे महिन्यात होती.

"अरे महादेव, मे महिन्यात लोकरीचं कापड? पोराचा कबाब होईल," हाफिज म्हणाला.

"होऊ दे. मोट्या सायबांच्या दारात जायाचा हाय त्याला."

हाफिजने मला जीव लावून शिवले. "अल्लाकसम, असा कोट मामलेदाराकडंपण नाय," असे तो येईल त्या गिऱ्हाइकाला सांगे. ऐकून माझे खांदे फुगत. अर्थात त्यांत कापूस होता.

पण मे महिना लग्नांचाही असतो. गावात कोट एकच, आणि नवरदेवाला मागितलेली वस्तू नाकारायची नाही, असा रिवाज. नाकारली तर त्या घरात सून टिकत नाही, असे गुणाबाई धवलारीण सांगे. लग्ने तिच्याच गाण्यांनी लागत, त्यामुळे तिच्याशी वाद कोणी घालत नसे. परीक्षेच्या दोन दिवस आधी महादेवाची बहीण हौसा आपट्याहून, सासरहून आली.

"दादा, उद्या माज्या दिराचं, विठूचं लगीन हाय. कोट देतोस ना?"

"परवा भगवानची परीक्षा हाय गं."

"परवा ना? मी उद्या सांजच्यालाच धाडते."

भगवान अभ्यासातून मान वर न करता म्हणाला, "ने गं आत्ये."

मी आपट्याला गेलो. नवरदेवापेक्षा माझ्याकडेच लोक जास्त पाहत होते. विठूच्या मानेची हळद माझ्या कॉलरला लागली, आणि पाहुणे उठेपर्यंत मला अंगातून काढायला विठू काही तयार होईना. संध्याकाळी मला कोणी धाडले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी भगवान नुसत्या सदऱ्यावर ठाण्याच्या एस. टी.ला निघाला; मुंबईची आगगाडी ठाण्याहून धरायची होती. महादेवाने दारातच अडवले.

"कोटाबिगर? तुला उंबऱ्यावरनंच हाकलतील!"

"बा, तिथं पेपर तपासतात, कपडे नाय."

"इतकी वर्सं मिठात उबा रायलो. येवढा एक आयकशील का नाय माजा?"

भगवानने बापाच्या पायांकडे पाहिले आणि ठाण्याची वाट सोडून तो आपट्याला निघाला.

आम्ही दोघे परीक्षेच्या खोलीत शिरलो तेव्हा बाकीचे पुरवणी मागत होते. भगवान घामाने निथळत लिहीत होता आणि माझ्या कॉलरची हळद उत्तरपत्रिकेवर ठिबकत होती. वेळ संपली तेव्हा त्याचे निम्मे प्रश्न कोरे होते. शंभरात एकतीस गुण मिळाले. हवे होते चाळीस. उशीर झाल्याचे भगवानने घरी सांगितले नाही.

तरी एक दार किलकिले होते. पदवीला पहिला वर्ग असलेल्यांना मुलाखतीला बोलावून कमी गुणांचे कारण विचारत. कारण पटले तर जागा मिळे. या वेळी महादेव स्वतः बरोबर आला आणि बाहेरच्या बाकावर बसला. उकाड्यामुळे दार सताड उघडे होते.

"पदवीला इतके उत्तम गुण, आणि इथे एकतीस?" चष्मेवाले प्राध्यापक मायेने विचारत होते. "काय झालं त्या दिवशी? आजारी होतात? उशीर झाला? मोकळेपणी सांगा."

एका वाक्याचे काम होते. मी भगवानच्या अंगातच होतो. त्याने दाराकडे पाहिले. महादेव कान देऊन पुढे वाकला होता.

"माझी तयारी कमी पडली, सर," भगवान म्हणाला.

प्राध्यापकांनी आणखी थोडी वाट पाहिली आणि मग पुढच्या मुलाला हाक मारली.

रस्त्यावर आल्यावर महादेव म्हणाला, "येवढा कोट शिवला तुला. आन तू अभ्यासच केला नायस?"

भगवानने मला अंगातून काढून नीट घडी घातली. पुढल्या वर्षी परीक्षेला बसायचे बोलणे बापाने काढले नाही आणि मुलानेही काढले नाही. भगवान मीठ खात्याच्या कचेरीत कारकून झाला. मी पुढे कितीतरी नवरदेव बोहल्यावर चढवले. सगळ्यांचे संसार सुखाचे झाले आणि कोट लाभतो असे माझे नाव झाले. मग टेरिलीनचे दिवस आले आणि मी कणगीवर आलो. महादेव मरेपर्यंत पाहुण्यांना माझी बाही चाचपून दाखवी आणि म्हणे, "कोटात काय कमी नव्हता. पोरगाच कमी पडला." भगवान तिथेच बसलेला असे. तो पाहुण्यांना पाणी द्यायला उठे.

आयुष्यात माझी इतकी स्तुती झाली. एवढी एक झाली नसती तर बरे होते.

मित्रांनो, कपड्यांची निगा जरूर राखा. पण परीक्षेला निघालेल्या माणसाला त्याच्या अंगावर असेल त्या कपड्यात वेळेवर जाऊ द्या. आणि माझ्या डाव्या खिशात कुठल्याशा लग्नातली एक सुपारी अडकली आहे. फार टोचते. तेवढी काढा.