पंपघरातली बोली

"अहो, जरा दमानं चला की," तिने पुन्हा सांगितलं आणि पुन्हा ते वाऱ्यावर गेलं. नवरा पुढे, ती मागे, अशी त्यांची वरात नौदलाच्या तळाच्या मोठ्या फाटकातून आत शिरली.

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण या फाटकाच्या आत तिने कधी पाऊल टाकलं नव्हतं. तळाच्या उंच भिंतीला लागूनच कामगारांची वसाहत होती. भिंतीवरून डोकावणाऱ्या डोलकाठ्या, सकाळचा भोंगा आणि नवऱ्याच्या कपड्यांना येणारा ऑइलचा वास, एवढाच काय तो तिचा आणि नौदलाचा संबंध. आज मात्र घरच्या माणसांना आत सोडत होते. गोदीचं जुनं पंपघर आज शेवटचं चालणार होतं. पलीकडे नवं उभं राहिलं होतं, बटणावर चालणारं. जुन्याला निरोप द्यायचा तर कुटुंबांच्या देखत द्यायचा, असं तळावरच्या साहेबांनी ठरवलं होतं.

हे सगळं तिला शेजारणीकडून कळलं. नवरा सांगेल तर शपथ. काल जेवताना तो एवढंच म्हणाला, "उद्या चल माझ्याबरोबर. आत." आणि पुन्हा मिठाची गुळणी धरून बसला.

तो घुमा आहे हे तिने केव्हाच मान्य करून टाकलं होतं. लग्नानंतर थोडंफार बोलायचा, मग ते कमी झालं, मग तर हाक मारली तरी वळून बघेना. पंपांनी त्याचे कान खाल्ले हे तिला ठाऊक होतं. पण ऐकू येत नाही म्हणून माणसाने बोलूही नये? मुलगी सासरी गेल्यापासून घरात तिला फक्त स्वतःचाच आवाज ऐकू यायचा. आता वर्षअखेरीला तो निवृत्त होणार होता. म्हणजे हा मुका देव दिवसभर समोर बसून राहणार. "मी येते गं तुझ्याकडे, चांगली ऐसपैस राहायला," असं तिने लेकीला सांगूनही टाकलं होतं.

रस्ता तळाच्या मधून जात होता. डावीकडे वर्कशॉप, आत ठिणग्यांचा पाऊस. पुढे दोरखंडांचं लांबलचक कोठार. एकेक दोर मांडीएवढा जाड. मग पांढऱ्या पडद्यांचा दवाखाना, मग धक्का, आणि धक्क्याला गोठ्यातल्या गुरांसारखी ओळीने बांधलेली करडी जहाजं. बघावं तिकडे काहीतरी नवं होतं आणि सांगायला शेजारी कोणी नव्हतं. नवरा तरातरा पुढेच.

शेवटी गोदी आली. गोदी म्हणजे जमिनीत खणलेला अवाढव्य दगडी हौद. जहाज आत घ्यायचं, दार लावायचं, पाणी उपसून टाकायचं, की जहाज हौदाच्या बुडावर बसतं आणि त्याच्या पोटाखाली जाऊन डागडुजी करता येते. पाणी उपसायचं काम नवऱ्याचं. आताही हौद काठोकाठ भरलेला होता आणि मध्ये एक जहाज निवांत तरंगत होतं.

लोखंडी जिन्याने ती त्याच्यामागोमाग पंपघरात उतरली. पंप सुरू झाले आणि तिने दोन्ही कान गच्च दाबले. आवाज छातीत घुमत होता, दातांत वाजत होता. इथे माणसाने ओरडून जीव दिला असता तरी शेजारच्याला कळलं नसतं.

आणि मग तिने नवऱ्याकडे पाहिलं.

त्याने हात वर केला होता. बोटं नाचवली, खांद्यावर टिचकी मारली, डोक्यावरून हात फिरवून तो हवेत अलगद सोडून दिला आणि भुवया अशा काही उडवल्या की पलीकडच्या पंपावरचा माणूस पोट धरून वाकला. तिसऱ्याने हातानेच काहीतरी उत्तर दिलं. नवऱ्याने ते झेललं, दुप्पट करून परत फेकलं. सगळं पंपघर हसत होतं. नवऱ्याचा चेहरा तिने असा कधी पाहिलाच नव्हता. त्याच्या तोंडावरची प्रत्येक रेघ बोलत होती.

एका उंच फिटरने तिला जिन्याच्या वरच्या पायरीवर नेलं. त्याला सगळे लंब्याच म्हणायचे. दार लोटल्यावर थोडं ऐकू येऊ लागलं.

"घाबरलात का, वहिनी?"

"हे काय करताहेत तिथे?"

"बोलतोय. आवाजात दुसरं कसं बोलणार? आमच्या आधीच्या लोकांनी ही बोली काढली, आम्ही वाढवली. पण याच्यासारखा बडबड्या अख्ख्या गोदीत झाला नाही."

"कोण, हे?"

"मग कोण? याचं तोंड... म्हणजे हात बंद करायला मुकादमाला ओरडावं लागतं."

"आत्ता काय म्हणाले?"

"म्हणाला, साहेबांच्या बाईंची टोपी एवढी मोठी आहे, की गोदीत पडली तर जहाजाच्या शेजारी तीही दुरुस्तीला घ्यावी लागेल."

तिला हसू आलं, पण ते आत कुठेतरी अडकलं. लंब्याने डाव्या हाताने स्वतःची कॉलर धरली आणि उजव्या हाताने खसाखसा घासून दाखवली.

"हे कोण ओळखा. हे तुम्ही."

"मी?"

"लग्न झाल्या झाल्या तुम्ही त्याची कॉलर घासून घासून फाडलीत म्हणे. तेव्हापासून तुमचं नाव हेच. रोज काही ना काही असतंच. आज कॉलरनं डोळे वटारले. आज कॉलर गाणं म्हणत होती. मागे एकदा आला आणि म्हणाला, कॉलरला ताप आहे, माझा पंप बघा, मी घरी जातो."

तो ताप तिला आठवला. तो दुपारीच घरी आला होता आणि एक अक्षर न बोलता उशाशी बसून कपाळावरची पट्टी बदलत राहिला होता. तिने तेव्हा विचारलंही नव्हतं, सुट्टी कशी मिळाली म्हणून.

ती तशीच खाली उतरली. नवऱ्याच्या पाठीवर थाप मारली, तो वळल्यावर स्वतःच्या गळ्याशी नसलेली कॉलर खसाखसा घासली, छातीवर बोट ठेवलं आणि डोळे वटारले. चोर पकडला गेला होता. तो क्षणभर ओशाळला, मग मान मागे टाकून हसला. त्या आवाजात हसणं ऐकू येत नव्हतं, नुसते दात दिसत होते.

पाणी उपसून होईपर्यंत त्याने तिला शिकवलं. बोटांची लाट म्हणजे पाणी. मुठीवर मूठ म्हणजे दगड. खांद्यावर टिचकी म्हणजे साहेब. अंगठा ओठाला म्हणजे चहा. मनगटावर मनगट म्हणजे बंद. ती चुकली की सगळे पंप सोडून धावत यायचे.

"आता निवृत्तीनंतर याची बडबड कोण ऐकणार?" वर आल्यावर लंब्या म्हणाला.

"मी आहे ना," ती म्हणाली. "लेकीकडे निघाले होते. आता तिलाच म्हणते, सुट्टीत तूच ये."

जहाज हौदाच्या बुडावर बसलं तेव्हा गोदीच्या काठावर खुर्च्या मांडल्या होत्या. मोठे साहेब भाषणाला उभे राहिले. पंपवाले मागच्या रांगेत, ती नवऱ्याशेजारी; खाली पंप उरलंसुरलं पाणी ओढत होते. त्यांच्यापैकी निम्म्यांना काहीच ऐकू येत नव्हतं. नवऱ्याने हनुवटी उडवून विचारलं, काय म्हणतात?

तिला जेमतेम मूठभर शब्द येत होते. तिने सुरुवात केली.

साहेब सांगत होते, की इथे आधी मासेमारांची लहानशी वस्ती होती, मग परके राज्यकर्ते आले, त्यांनी डोंगर फोडून ही गोदी बांधली. तिने सांगितलं, पाणी. साहेब. 'परका' येत नव्हतं, म्हणून नाकाचा शेंडा वर करून दाखवला. दगड, दगड, दगड. पाणी खाली. साहेब गेला. दुसरा साहेब आला. चहा. मग दवाखाना बांधला, त्यासाठी तिने जीभ बाहेर काढली. शाळा काढली, त्यासाठी नवऱ्याचा कान पिळला. मागची रांग गदागदा हलत होती. साहेबांनी एकदा चष्म्यावरून तिकडे पाहिलं. आपलं भाषण रंगलंय असं वाटून तेही खुलले.

"आणि आज," ते म्हणाले, "हे पंप आपण कायमचे बंद करत आहोत."

तिचे हात थांबले. तिने मनगटावर मनगट ठेवलं. पण हा तर रोज संध्याकाळचा शब्द. 'कायमचं' कसं सांगायचं? तिने नवऱ्याकडे पाहिलं. तशी खूण या बोलीत कोणी काढलीच नव्हती.

"कळलं मला," नवरा म्हणाला. तोंडाने म्हणाला. आणि उठून जिन्याकडे गेला.

पंपांची घरघर जड होत गेली आणि थांबली. जहाजाच्या पोटावरून निथळणारं पाणी ऐकू येऊ लागलं. नवरा वर आला, पंपघराच्या दारात उभा राहिला आणि त्याने छातीसमोर मनगटावर मनगट ठेवलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, त्या थांबल्याही. तो तसाच उभा.

"असे का उभे आहेत?" तिने हळूच विचारलं.

"निरोप पोचला, हे समोरच्यानं तीच खूण करून सांगायचं असतं," लंब्या म्हणाला. "तोवर हात खाली घ्यायचा नाही."

मग लंब्याच उठून उभा राहिला आणि त्याने मनगटावर मनगट ठेवलं. मग त्याच्या शेजारचा. मग एकेक करत मागची सगळी रांग. तीही उभी राहिली.

नवऱ्याने सगळ्यांवरून एकदा नजर फिरवली. मग हात खाली घेतले आणि पंपघराचं दार ओढून घेतलं.