कोऱ्या पट्टीची कादंबरी

मित्रांनो, माझा कणा तीन ठिकाणी मोडला आहे. पानांचे कोपरे हाताळून हाताळून कापसासारखे मऊ झाले आहेत. एकशे चाळिसाव्या पानावर उकडलेल्या शेंगांच्या खारट पाण्याचा डाग आहे. आणि तरीही माझ्या पहिल्या पानावरची, पुस्तक नेल्याच्या तारखांचे शिक्के पडतात ती पट्टी कित्येक वर्षे कोरी होती. मी अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातल्या एका लहानशा गावच्या वाचनालयातली जुनी भयकादंबरी. हे असं कसं झालं, तेच तुम्हाला सांगते.

माझी लेखिका शाळेत भूगोल शिकवायची. तिने मार्लो नावाची मुलगी रचली आणि कथेतल्या गावाबाहेर एक मिठाची विहीर खणली. त्या विहिरीत काहीतरी राहतं. ज्याच्या मनात गुपित असेल, त्याला ते त्याच्याच आईच्या आवाजात हाक मारतं. मार्लोचं गुपित एवढंच, की तिचा जीव एका मुलीवर जडला होता. पहिल्या खर्ड्यात लेखिकेने तिला बुडवलं. अशा गोष्टींत अशा मुली मरतात, एवढंच तिने आजवर वाचलं होतं. मग आठवडाभर तिच्या घशाखाली घास उतरेना. शेवटी तिने ती अकरा पानं फाडली आणि मार्लोला काठावर आणलं. ओली, थरथरती, पण जिवंत. मी खरी जन्मले ती त्या दिवशी.

वाचनालयात ग्रंथपाल मिस इमोजीन यांनी मला प्लास्टिकचं वेष्टन घातलं आणि खिडकीपाशी ठेवलं. समोर चर्च. रविवारी वाचनालय बंद, पण खिडकीच्या फटीतून प्रवचन आत येई. रेव्हरंड आधी साधं बोलत, जणू शेजाऱ्याशी गप्पा. मग आवाज एकेक पायरी चढे, ऑर्गन मागोमाग येई, लोक मधेच ‘सांगा, सांगा!’ म्हणत, आणि बोलण्याचं गाणं कधी झालं ते कळतही नसे. मी कागदाची खरी, पण माझ्या शिवणीत काहीतरी हलायचं. ज्याला कोणी नाही त्यालाही दार उघडं आहे, असंच तिथून ऐकू यायचं.

वाचक मला पुष्कळ लाभले. पण सगळे चोरपावलांनी येणारे. गावात वाचनालयाचं घरटी एकच कार्ड, आणि कोणी काय नेलं ते त्यावर लिहिलेलं. म्हणून मुलं मला कोपऱ्यात बसून वाचत. कोणी जाकिटात लपवून नेई आणि आठवड्याने बाहेरच्या परतीच्या पेटीत टाकून जाई. कोणाच्या उशीखाली झोपले, कोणाच्या आसवांनी भिजले. पण मिस इमोजीनच्या टेबलापाशी उभं राहून माझं नाव घेऊन मला कोणी मागितलं नाही. माझी केवढी इच्छा होती, की एकदा तरी कोणीतरी मागावं!

मग केझाया आली. सोळा वर्षांची, लांब हातांची. तिची आई लोराइन चर्चच्या गायकवृंदाची प्रमुख. दर बुधवारी संध्याकाळी तिकडे सराव चाले, तोवर केझाया इकडे माझ्यापाशी. निघताना मला पाककृतींच्या पुस्तकांमागे दडवून ठेवी.

एकदा आईने दारातूनच विचारलं, “काय वाचतेस गं?”

“भुताखेतांचं आहे, ममा.”

“चर्चच्या दारात बसून भुतं? इथे येऊन सैतानाने माझ्याकडे तुझा पत्ता विचारला ना, तर सरळ देऊन टाकीन. सोबत तुझी न धुतलेली भांडीही देईन!”

केझाया हसली. आईवर तिचा फार जीव. म्हणूनच तर विहिरीतून आईची हाक येते त्या पानांवर तिची बोटं गार पडत. शेवटचं पान मात्र तिने कधी उलटून पाहिलं नाही. एकदा ती माझ्यावर वाकून पुटपुटली, “मरू नको हं. आपल्यासारख्या सगळ्या मरतात. तू तरी नको.” मला सगळं ठाऊक होतं, आणि सांगता येत नव्हतं.

वसंतात दरवर्षी छाटणी होते. पाच वर्षांत जे पुस्तक कोणी नेलं नाही, ते रद्दीत. मिस इमोजीन प्रेमळ, पण नियमाच्या पक्क्या. त्यांनी पट्टी पाहिली, चुकचुकल्या, आणि मला दाराजवळच्या खोक्यात ठेवलं. बुधवारी केझायाने पाककृतींमागे हात घातला. तिथे मी नव्हते. तिने अख्खं फडताळ शोधलं आणि शेवटी मला खोक्यातून उचललं. तेव्हा ती एकशे सत्त्याऐंशीव्या पानावर होती.

“मिस इमोजीन, हे का काढलंत?”

“कोणी वाचतच नाही गं, बाळा.”

“वाचतात, मॅम.”

“कोण?”

केझायाने मला छातीशी धरलं. तेवढ्यात सराव आटोपून लोराइन आत आली आणि दाराशी थांबली.

“तुला हवं का?” मिस इमोजीन म्हणाल्या. “घेऊन जा की. टाक पिशवीत, नोंद नको, काही नको.”

मित्रांनो, सोपी वाट हीच होती. ना कोणी विचारणार, ना कोणाला कळणार. तिने मला पिशवीत घातलंही. मग तिचा अंगठा माझ्या मऊ कोपऱ्यावरून फिरला, आणि हे कोपरे काही आपल्या एकटीच्या हातांनी मऊ झालेले नाहीत, हे तिला उमगलं असावं. तिने मला बाहेर काढून टेबलावर ठेवलं.

“नको, मॅम. हे इथेच राहायला हवं. माझ्या नावावर लिहा. शिक्का मारा.” आणि तिने माझं नाव मोठ्याने वाचलं.

शिक्का पडला. गार शाई अंगावर आली.

लोराइन कार्ड वाचत उभी राहिली. “कसली गोष्ट आहे ही?”

केझाया आईकडे वळली. “एका मुलीची. तिचं एका मुलीवर प्रेम आहे, ममा. आणि विहिरीतलं ते तिला गिळायला बघतंय.”

लोराइन वळून गाडीकडे चालू लागली, मागोमाग केझाया. गाडीत बसल्यावर तिने किल्ली फिरवली नाही. चर्चसमोरची माणसं हात हलवून गेली, तिने पाहिलं नाही. मग म्हणाली, “शेवटी ती पोर जगते ना?”

“माहीत नाही. अजून तिथवर आले नाही.”

“मग शेवट बघ.”

“नाही. तिच्याबरोबर चालतच जायचंय.”

लोराइनने नाक पुसलं. “मग मोठ्याने वाच. पुटपुटायचं नाही. शेवटच्या बाकावर ऐकू गेलं पाहिजे.”

केझायाने मला उघडलं. त्या दोघी तशाच बसून राहिल्या, माझं शेवटचं पान येईपर्यंत. मार्लो काठावर आली तेव्हा केझाया थांबली. लोराइनने तिच्या मानेवर हात ठेवला.

“ते परत वाच,” ती म्हणाली. “ती वर येते ते.”

केझायाने परत वाचलं. लोराइनने अजून एकदा वाचायला लावलं.

आता माझ्या पट्टीवर नऊ शिक्के आहेत. छाटणीच्या वेळी मिस इमोजीन आधी पुस्तकाचे कोपरे चाचपतात आणि मग पट्टी बघतात. मित्रांनो, ज्यांना आम्हा पुस्तकांना लपवूनच न्यावं लागतं, त्यांनी खुशाल लपवून न्या. पेटीत परत टाका, आमचा राग नाही. पण तुमच्यापैकी ज्याला आपलं नाव सांगणं झेपतं, त्याने टेबलापाशी जावं आणि आम्हाला नावाने मागावं. जाकिटात लपवून नेणाऱ्या त्या पुढच्या मुलीला आम्ही फडताळावर सापडायला हवं. मार्लो काठावर येते, हे तिला अजून कोणी सांगितलेलं नाही.