उजव्या हाताचं टेबल

मी टेबल बोलतोय. शाळेच्या निबंधातली टेबलं फार गोड बोलतात, मला ते जमणार नाही. ज्यांनी माझी वाट लावली ती माणसं वयानं मोठी होती. आणि मोठ्यांबद्दल वाईट बोलू नये, हा नियमही मोठ्यांनीच करून ठेवलाय.

खोपोलीला शिळफाट्यावर बुधाजीशेटचा फोटो स्टुडिओ होता. एकोणीसशे साठच्या आसपास त्यानं मला खालापूरच्या सुताराकडून करून घेतलं. उतरतं सागवानी अंग, मधोमध दुधी काच, काचेखाली दिवा. काचेवर निगेटिव ठेवायची आणि माणसाचं तोंड सुधारायचं. पेन्सिल फिरवली की फोटोत तेवढा भाग उजळतो. पात्यानं खरवडलं की काळा पडतो. पेन्सिल पुसता येते. खरवडलेलं परत येत नाही.

माझ्यावर बसायचा सखा, बुधाजीशेटचा पगारी रिटचर, म्हणजे निगेटिव सुधारणारा. सुतारानं त्याच्या कोपराचं माप घेऊन माझ्या उजव्या अंगाला हात टेकायची फळी बसवली. पेन्सिलीची खाच उजव्या कडेला, पात्याची डाव्या. पेन्सिलीला आणि पात्याला सखानं बांबूची एकसारखी मूठ केली होती. त्याला फार तोरा होता. "तोंडावरनं नजर काढतो तो रिटचर नाय," म्हणायचा. खाचेकडे तो कधीच बघत नसे. हात आपोआप जायचा.

रसायनी-मोहोपाड्याला कारखाने आले तशी गर्दी वाढली. नोकरीचे फोटो, मुलगी दाखवायचे फोटो. पोरीचे बाप सखाच्या कानाशी लागत. "रंग जरा उजळ कर रं. पण लई नको, लग्नात धरतील." देवीचे व्रण, वाकडं नाक, सगळं माझ्यावर सरळ व्हायचं. खोटं बोलायला माणसांना तोंड लागतं असं म्हणतात. मी बघितलंय, पेन्सिलही पुरते.

मग बुधाजीशेटच्या मुलाचं, हिरूचं लग्न झालं. त्याची बायको आवडी. दुपारी सखा जेवून आडवा झाला की ती माझ्यावर बसायची. बघून बघून शिकली, आणि चांगली शिकली. पण ती डावखुरी. माझी फळी तिच्या कामाची नाही. पेन्सिलीसाठी प्रत्येक वेळी हात काचेवरून आडवा न्यावा लागे, बांगड्या निगेटिववर घासत. एकदा सखानं बघितलं.

"सूनबाय, डाव्या हातानं परसाद घेतेस का गं? मग लोकांच्या तोंडाला तो हात कसा लावतेस?"

"काका, तोंडाला पेन्सिल लावते, हात नाय लावत," ती म्हणाली. मला हसू आलं होतं.

तिचं मागणं साधं होतं. तिनं ते सासऱ्यासमोर, नवऱ्यासमोर आणि सखासमोर मांडलं. "काकांची खाच हाय तिथंच राहू द्या. माझ्यासाठी दुसऱ्या कडंला एक पाडा, एक फळी लावा. पातं वरती मधोमध ठिवा, दोघांनाही दिसंल असं."

बुधाजीशेट पान लावत होता. मान वर न करता म्हणाला, "इतकी वर्सं चाललंय ना? मग?" झाला निकाल! चाललंय म्हणजे बरोबर आहे, एवढ्या अकलेवर हा माणूस दुकान चालवत होता. सखा म्हणाला, "माझ्या टेबलाला सुतार लागला तर मी उठलोच." आणि हिरू? हिरूला आपण मालक झालोय हे दाखवायचं होतं. शिवाय बायको फुकट राबेल आणि सखाचा पगार सुटेल, हेही त्याच्या डोक्यात होतं. तो म्हणाला, "एका टेबलाला दोन पद्धती नाय चालत. एकच काय ती ठेवू." कुठली एक, ते बोलला नाही.

सखा भाताच्या लावणीला गावी गेला. हिरूनं सुतार आणला. माझी फळी उपटून डावीकडे ठोकली. पेन्सिल डाव्या खाचेत, पातं उजव्या खाचेत. आवडी म्हणत राहिली, "अवो, काकांना इचारा तरी." तो म्हणाला, "तुझ्यासाठीच करतोय ना? मग गप."

सखा परतला. मला बघून जागीच थांबला. "हे कुनी केलं?"

"सवय व्हईल काका," हिरू म्हणाला. "नवीन पद्धत हाय."

"माझ्या हाताला सवय लावनारा अजून जल्माला यायचाय."

आवडीनं एक फुकट गेलेली निगेटिव पुढे केली. "काका, आधी हिच्यावर हात बसवा. मग गिऱ्हाइकाचं घ्या." तिचं ऐकलं असतं तर पुढचं काही झालं नसतं. पण सून शिकवणार, तीही डावखुरी! सखानं ती निगेटिव बाजूला सारली. "पन्नाशी वलांडली माझी. मला तालीम देतेस?" आणि तसाच बसला. फळी नव्हती तरी कोपर हवेत धरून बसला. म्हाताऱ्यांचा हट्ट मला कळतो, पण त्याची किंमत ते स्वतः कधी देत नाहीत.

त्याच दिवशी चिंधी आली. डोंगराखालच्या ठाकरवाडीची. तिचा पोरगा शुक्रा मोहोपाड्याला कामाला लागताना इथंच फोटो काढून गेला होता. पावसाळ्याच्या सुरुवातीला तापानं गेला. त्याचा दुसरा फोटो नव्हता. ती म्हणाली, "त्याचा मोठा फोटू करून द्या. घरात लावीन. नायतर मी इसरंन वो त्याला."

निगेटिव सापडली. सखानं ती माझ्या काचेवर ठेवली. शुक्राच्या ओठाखाली सावली पडली होती, ती जराशी उजळायची, एवढंच काम. सखानं तोंडावरून नजर काढली नाही. हात उजवीकडे गेला, बांबूची मूठ हातात आली आणि ओठावर फिरली.

ते पातं होतं.

करकर आवाज झाला. सखानं हात मागे घेतला तोवर खालचा ओठ आणि हनुवटीचा वरचा भाग गेला होता.

मग सगळे एकमेकांवर तुटून पडले. सखा ओरडला, "टेबल फिरवलंत!" हिरू म्हणाला, "डोळं गेलं तुमचं." बुधाजीशेटनं दोघांना गप केलं आणि वडीलधाऱ्यांना शोभेल असा मध्यममार्ग काढला. दोष आवडीचा. "डावा हात दुकानात आला, तवाच अपशकुन झाला." यावर सखाचं आणि हिरूचं लगेच एकमत झालं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

पण निगेटिव दुरुस्त करायला मात्र तिलाच बसवलं. सखानं पुन्हा मूठ हातात घेतली नाही. तिनं गेलेल्या जागी पेन्सिलीनं ओठ भरला. चांगला भरला. पण शुक्राला तिनं कधी बघितलं नव्हतं. कुणाचा तरी ओठ भरला.

चिंधीनं फोटो हातात घेतला. बराच वेळ बघितला. तिला कुणी काही सांगितलं नव्हतं. ती म्हणाली, "नाकाच्या वरती माझा शुक्रा हाय. खाली कोन हाय ते मला ठावं नाय." "ऱ्हाऊ द्या. वरचा तर माझाच हाय." फोटो पदराखाली घेऊन गेली.

त्यानंतर आवडी पुन्हा काचेवर बसली नाही. बुधाजीशेटनं मुंबईहून तयार लोखंडी टेबल आणलं, मला मागच्या पडवीत टाकलं. आता माझ्यावर राख, घासणी आणि ओली भांडी असतात. आवडी माझ्यापाशी बसून भांडी घासते.

परवा चिंधी मागच्या दारानं आली. वर्ष होऊन गेलंय. आवडी उठून उभी राहिली, हाताला राख तशीच. चिंधी म्हणाली, "बाय, तुझ्यापाशी जुना फोटू ऱ्हायलाय का? कसलाबी. फाटका चालंल."

"नाय गं मावशी. का?"

"भिंतीवर बघून बघून आता डोळं मिटलं तरी तोच येतो, तुमचा. माझा कसा हसायचा ते मला आठवंना."

आवडीनं माझी कड धरली.

शुक्राचं खरं तोंड शेवटचं उजळलं ते माझ्या काचेवर. पण काच काही सांभाळून ठेवत नाही. दिवा गेला की मोकळी. चिंधी, मी माफी मागणार नाही. ती ज्यांनी मागायची ते पुढच्या खोलीत चहा पितायत. तू एवढंच कर. मला उचल, वाडीवर ने आणि फोड. जुनं सागवान आहे, एक वेळचा भात शिजेल.