मास्तरांचं पोट

बन्सीलाल ठार बहिरा आहे, हे सुरतेतल्या उधन्याच्या एका कापड विणायच्या लूमखात्यात आठ वर्षं कुणाला कळलं नाही. कळणार कसं? साठ लूम धडधडत असताना सगळेच ओठांवरून नि हातवाऱ्यांवरून बोलणारे! तिथं कान असले काय नि नसले काय.

बायको धुरपदाबाईला तेवढं माहीत होतं. तिनंच त्याला ओढत डॉक्टरीणबाईंकडे नेलं होतं. बाईंनी कागदावर लिहून दिलं, की कानाचं काम बंद पडलं की मेंदूतली ती जागा हळूहळू डोळे वापरायला लागतात. बन्सीलालला हे लगेच पटलं. तो राहायचा त्या दाटीच्या नवागामात तरी खोली रिकामी राहते का कधी? खरोखरच, समोरच्या लूमकडे बघताना बाजूच्या लूमवर तुटलेला धागा त्याला डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसायचा.

घोळ झाला तो मंगळवारी दुपारी. खात्यावर देखरेख करणाऱ्या गजेंद्र मास्तरांनी रजा नाकारली म्हणून बन्सीलाल शेजारच्या लूमवरच्या आनंदाशी तणतणत होता, तेवढ्यात लाईट गेली. लूम थांबले, सगळ्यांनी आवाज खाली आणले. हा मात्र बेंबीच्या देठापासून ओरडतच राहिला, "मास्तर म्हणजे शेठच्या ढुंगणाला चिकटलेलं गोचीड!"

सगळ्यांच्या माना त्याच्याकडे वळलेल्या बघून, लांबूनच त्याचे ओठ वाचून मास्तर तरातरा आले.

"बहिरा आहेस तू! तोंड फिरव. तीन हाका मारीन. तिन्हींना वळलास तर ठीक, नाहीतर उद्यापासून घरी बस."

बन्सीलालला घर आठवलं. पोरीची बारावी, खोलीचं भाडं, आणि या वयात दुसरं काम देणार कोण? दाराकडे तोंड करून तो उभा राहिला. मास्तर मागे, जरा डावीकडे. आता देवच वाचवणार, असं तो म्हणतोय तोच डोळ्याच्या अगदी कडेला मास्तरांचं पोट दिसलं. हाकेआधी ते टम्म वर यायचं! एकदा आलं, हा वळला. दुसऱ्यांदा वळला. तिसऱ्यांदा तर "काय मास्तर?" म्हणून वळला.

वळला नि बघतो तर मास्तरांच्या पातळ शर्टाच्या खिशात फोनचा उजेड पेटलेला. सगळे कामगार त्या खिशाकडे बघताहेत, म्हणजे फोन वाजतोय. आणि मास्तर ढिम्म.

अरे तिच्या! मास्तरही आपल्यासारखेच!

आता बोंब मारली असती तर मास्तरांची अब्रू तिथंच गेली असती. जीभ शिवशिवली, खोटं कशाला बोला. पण त्याला त्यांची कीवच आली. त्यानं गुपचूप अंगठा कानाला, करंगळी तोंडाला लावली नि खिशाकडे बोट केलं. मास्तरांनी फोन काढला. शेठचे चार कॉल येऊन गेले होते. मास्तरांचा चेहरा राखेसारखा झाला.

लाईट आली, खातं धडधडायला लागलं. मास्तर जवळ येऊन नुसते ओठ हलवत म्हणाले, "नात तीन वर्षांची झाली रे. बोबडं बोलते. मला एक अक्षर कळत नाही. नुसता हसतो तिच्याकडे बघून."



"रविवारी घेऊन या घरी. तिचे ओठ कसे बघायचे, शिकवतो," बन्सीलाल म्हणाला. "पण माझ्या नोकरीचं काय?"

"मर इथंच," मास्तर म्हणाले नि डोळे पुसत पुढच्या लूमकडे गेले.