लूनच्या चित्रामागे मी जिवंत होतो

“तुमचा प्रोग्राम एवढा गोड, मग त्याच्यामागे हा सुतकी राखाडी रंग का?”

मित्रांनो, हा प्रश्न तैमी कोस्कीने माझ्याच कळा बडवून विचारला. ब्रिन आणि जोडी या तिच्या मैत्रिणी तिला दोन्हीकडून कोपरानं ढोसत होत्या. “हिंमत असेल तर पाठव!” “बघ बघ, फाटली हिची!” तैमीनं डोळे घट्ट मिटले आणि पाठवलंच.

मी एक जुना लॅपटॉप आहे. जन्म कारखान्यातला, पण वाढलो कॅनडातल्या थंडर बे गावच्या कोस्कींच्या स्वयंपाकघरात, पॅनकेकच्या वासात. माझी दोन बटणं गळाली आहेत आणि पंखा धापा टाकतो. पण लून नावाचा तो प्रोग्राम माझ्यावर काय झकास चालतो! पक्ष्याचा आवाज ऐकायचा आणि त्याच्या रंगीत रेघा काढायच्या, हे लूनचं काम. तैमीचा तो जीव की प्राण.

लून लिहिणाऱ्या ऑगडेनआजोबांचं उत्तर आलं. “पोरी, मला रंगांतलं काही कळत नाही. तूच करून दाखव. रविवारी लूनची शेवटची आवृत्ती सोडतोय, हात चालत नाहीत आता. तोवर पाठवलंस, तर तुझं चित्र तिच्याबरोबर जाईल.”

शेवटची! तैमी पेटलीच. लूनच्या रेघा घेऊन तिनं माझ्या पडद्यावर मागे लावायची चित्रं काढली. तळ्यावरच्या लून पक्ष्याच्या हाकेची लांब निळी रेघ. सुतारपक्ष्याचे लाल ठिपके. एकतीस चित्रं झाली! एकतिसाव्यात तर लूनची अख्खी खिडकी रंगवली, निळ्या रेघेसकट, फुलीसकट, बटणांच्या सावल्यांसकट. तेच चित्र पडद्यावर मागे लावलं, ते झाकू नये म्हणून बाकी सगळं लपवलं, आणि रंगवलेलं बटण स्वतःच दाबून खो खो हसली. पण चित्रांची दुसरी प्रत? एकही नाही. सगळी माझ्या पोटात.

शनिवारी सकाळी ती मैत्रिणींबरोबर तळ्यावर गेली. तिच्या बाबांनी, डॅरिलनी, मला उघडलं. खिडकी बंद करायला फुलीवर टिचकी मारली. एकदा. दहादा.

“लीसा, गेलं गं हे!” त्यांनी तैमीच्या आईला हाक मारली.

“मग टाक की नेऊन! मे महिनाभर दर शनिवारी चर्चच्या मैदानात जुनी यंत्रं घेतायत, आजही. दोन वर्षं तेच सांगतेय.”

अहो, ते चित्र आहे हो! मी इथे आहे, मागे! पण कुठल्या तोंडानं ओरडू? होता नव्हता तेवढा पंखा फिरवला.

“ऐक, शेवटची घरघर,” बाबा हळहळले.

चर्चच्या मैदानातल्या मोठ्या पेटीत माझ्यावर प्रिंटर आदळला आणि पडदा तडकला. नऊ टक्के जीव उरला होता. बाजूला एक म्हातारा संगणक पडला होता. त्याचाही हिरवा दिवा लुकलुकत होता. दुपारी ट्रक येणार होता. मित्रांनो, मोडायची भीती मला नव्हती. पण ती एकतीस चित्रं माझ्याबरोबर चिरडली जाणार होती, आणि तैमीला वाटणार होतं, मी तिला दगा दिला. सात टक्के. पाच. ट्रकचं इंजिन ऐकू आलं.

“थांबा!” मी घरात नाही हे कळताच धावत आलेली तैमी कमरेपर्यंत पेटीत घुसली.

“पोरी, दिलेलं परत मिळत नाही,” पेटीवाला म्हणाला.

“दिलंय कुणी? मी नाही दिलं!” तिनं माझी कळ दाबली. तडकलेल्या काचेखाली निळी रेघ उजळली. पेटीवाला मागे सरला.

ती मला छातीशी धरून धावली. घरी दोन टक्क्यांवर माझी वायर लागली आणि चित्रं ऑगडेनआजोबांकडे गेली. तैमी मात्र हसली नाही. तो म्हातारा संगणक ट्रकमध्ये चढवला जाताना त्याचा लुकलुकता हिरवा दिवा तिनंही पाहिला होता.

मित्रांनो, आम्हाला टाकायचं तर टाका. पण आधी एकदा आमच्याशी नीट बोलून बघा.

जेवताना तैमीनं ताट बाजूला सारलं.

“आई, बाबा, मे महिनाभर दर शनिवारी मी त्या पेटीशेजारी टेबल टाकून बसणार. येईल ते प्रत्येक यंत्र आधी मी चालू करून बघणार. आणि बाबा, तू माझ्या शेजारी बसायचंस.”